मनानं कागद फिरवायचाय? मग प्रोग्रेस मोजायची कशी ते आधी ठरवू

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' मी बरेचसे काढलेत. उरलेले माफ करा.

आजचा विषय एका प्रश्नातून आला. "रोज अर्धा तास सायकोकायनेसिसची प्रॅक्टिस करतोय, पण पुढे सरकतोय की नाही कळत नाही. गोल कसे सेट करू?" सायकोकायनेसिस म्हणजे हात न लावता, फुंकर न मारता, नुसत्या मनाच्या जोरावर वस्तू हलवणं. काही जण त्याला टेलिकायनेसिस म्हणतात. हा प्रश्न वाचून हसणारे पुष्कळ भेटतील. मला मात्र तो आवडला, कारण विचारणाऱ्यानं 'हे खरं आहे का' असं विचारलेलंच नाही. प्रगती मोजायची कशी, एवढंच विचारलंय. आणि मोजायची पद्धत नीट ठरली, की पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप हातात येतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी काही लपवतोय असं वाटायला नको. शंभरेक वर्षं लोक हे प्रयोग करतायत. दुसऱ्या कुणी, दुसऱ्या जागी, तोच प्रयोग केला आणि तेवढ्याच खात्रीनं तोच निकाल आला, असं एकही उदाहरण मला पटलेलं नाही. तरी तुम्ही प्रॅक्टिस करू नका असं मी म्हणणार नाही. करा, फक्त आकडे ठेवून करा.

(आपल्याकडे हा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला कुणीतरी ज्ञानेश्वरांनी चालवलेल्या भिंतीचा दाखला देतंच. ती श्रद्धेची गोष्ट आहे, तिला मी हात लावत नाही. पण पातंजल योगसूत्रांमध्ये, जिथे सिद्धींची एवढी मोठी यादी आहे, तिथेच त्या समाधीच्या वाटेतले अडथळे आहेत असंही म्हटलंय. म्हणजे 'लेव्हल अप' करायची घाई पतंजलींनाही नव्हती.)

ऑनलाइन शिकवतात तो पहिला धडा बहुतेक सगळीकडे सारखाच असतो. कागदाचा छोटा चौकोन घ्या, दोन्ही कर्णांवर दुमडा, त्याची छत्री तयार होते. खोडरबरात सुई उभी खोचा आणि तिच्या टोकावर ती छत्री ठेवा. याला साय व्हील म्हणतात. आपण भिंगरी म्हणू. शेजारी हात वाकवून धरायचा, डोळे भिंगरीवर, मन शांत. पाच-दहा मिनिटांत ती फिरायला लागते.

आणि ती खरंच फिरते. फसवणूक नाही, व्हिडिओ एडिट केलेला नाही. म्हणूनच हा धडा इतका जबरदस्त आहे.

माझा चुलतभाऊ सांगली जिल्ह्यात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याची भिंगरी मी समोर बसून फिरताना पाहिली. त्याच्याकडे वही होती, वहीत लेव्हल्स होत्या. लेव्हल एक, भिंगरी फिरवणं. दोन, थांबवून उलटी फिरवणं. तीन, दोन फुटांवरून फिरवणं. चार, 'ऊर्जा उपचार', म्हणजे हात न लावता दुखणं कमी करणं, तेही दुरून. एका ग्रुपवरच्या कोर्सची ही शिडी. पहिल्या तीन पायऱ्या फुकट, चौथीला साडेसात हजार. तो म्हणाला, "दादा, तीन झाल्यात. चौथीला पैसे देशील का?"

साडेसात हजारांचं मला फार काही वाटलं नाही. काळजी वेगळीच होती. लेव्हल चारची 'प्रॅक्टिस' म्हणून तो रोज संध्याकाळी आज्जीच्या गुडघ्यासमोर तळवे धरून बसत होता. आज्जीला बरं वाटत होतं. नातू रोज अर्धा तास जवळ बसला तर कुठल्या आज्जीला बरं वाटणार नाही? पण बरं वाटतंय म्हणून तिनं बीपीची गोळीसुद्धा एक दिवसाआड करून टाकली होती. "पोरगं करतंय की." काकूच्या ते लक्षात आलं आणि तिनं मला फोन केला.

मी त्याला म्हटलं, देतो पैसे. पण लेव्हल एक माझ्या अटीवर पास करायची. भिंगरीवर काचेची बरणी पालथी घालायची आणि मग फिरवायची.

बरणी कशाला, ते समजून घेऊ. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. हाताची कातडी बहुतेक वेळा खोलीतल्या हवेपेक्षा गरम असते. हाताजवळची हवा तापते, हलकी होते, वर जाते आणि तिच्या जागी बाजूची हवा सरकते. हा झोत आपल्याला जाणवत नाही, पण सुईच्या टोकावरच्या ग्रॅमभराहून हलक्या कागदाला पुरतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मेणबत्तीवर कागदाचा सर्पिल साप फिरवला असेल ना? तोच प्रकार. इथे मेणबत्तीच्या जागी तुमचा हात.

उलटी का फिरते? हाताचा सगळा भाग सारखा गरम नसतो. तळहाताचा भाग बोटांच्या टोकांपेक्षा सहसा गरम असतो, त्यामुळे झोत तिरका पडतो. हात बदला, झोताची बाजू बदलते. भावाच्या वहीतच लिहिलेलं होतं, 'उजवा हात: घड्याळाच्या उलट, डावा हात: घड्याळाप्रमाणे'. तो त्याला 'दोन ध्रुव' म्हणत होता. दोन फुटांवरूनही फिरते, कारण अख्खं शरीरच तापलेलं आहे आणि नाकातून निघणारा श्वास दोन फूट सहज जातो. एकाग्र झाल्यावर श्वास संथ आणि लांब होतो, तेव्हा तर जास्तच.

काकूची लोणच्याची बरणी धुऊन, वाळवून आणली. भिंगरी थांबली. चाळीस मिनिटं तो बसला, कपाळावर घाम आला, ती ढिम्म हलली नाही. मग म्हणाला, "काचेतून ऊर्जा जात नाही दादा." मी एवढंच विचारलं, की सांगलीतून मुंबईतला गुडघा बरा करणारी ऊर्जा लोणच्याच्या बरणीत अडकते का? काकू हसली. तो हसला नाही, पण त्यानं वही उघडली आणि पुढचा प्रयोग स्वतःच सुचवला. भिंगरीशेजारी हाताऐवजी गरम पाण्याचा तांब्या ठेवून बघायचं. तांब्यानं लेव्हल एक पास केली.

तुम्ही बरणी लावणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. प्लास्टिकची बरणी नको, घासली गेली की तिच्यावर स्थिर विद्युत जमते आणि कागद तेवढ्यानंही हलतो. काचेलाही हात लावून बसू नका, नाहीतर आतली हवा तापून आतच झोत सुरू होईल. शिवाय खोलीत कुणीही नसताना मोबाईलचा कॅमेरा लावून अर्धा तास नुसतीच भिंगरी रेकॉर्ड करा. आमच्या कामात याला बेसलाइन म्हणतात. कुणी नसताना किती हलते हे माहीत नसेल, तर तुमच्यामुळे किती हलली हे कधीच सांगता येणार नाही.

बरणीचीच गोष्ट जरा मोठ्या स्टेजवर घडली आहे. १९८१ साली अमेरिकेत जेम्स हायड्रिक नावाचा तरुण टीव्हीवर टेलिफोन डिरेक्टरीची पानं 'मनानं' उलटून दाखवत होता. जेम्स रँडी या जादूगारानं डिरेक्टरीभोवती थर्माकोलचे हलके तुकडे पसरले. फुंकर मारली असती तर आधी तुकडे उडाले असते. हायड्रिक बराच वेळ उभा राहिला, पान उलटलं नाही. त्यानं सांगितलेलं कारण ऐका: स्टेजवरच्या दिव्यांमुळे थर्माकोलवर स्थिर विद्युत तयार झाली म्हणे. पुढे त्यानं सगळं हातचलाखी आणि फुंकरेचं होतं हे कबूल केलं. ही नोंद मला फार कामाची वाटते, कारण तुकडे पसरायला खर्च शून्य आणि त्यानं एकाच झटक्यात दोन शक्यता वेगळ्या झाल्या. चांगला प्रोग्रेस गोल असाच असतो. 'अजून जोरात फिरवीन' हा गोल हातही पार करू शकतो आणि मनही. 'बरणीत फिरवीन' हा फक्त मनालाच पार करता येतो.

काही कोर्स भिंगरीऐवजी दोरीला टांगलेल्या अंगठीपासून सुरू करतात. त्यात वेळ घालवू नका. दोरी तुमच्याच बोटात असते आणि बोटं नकळत हलतात. १८३३ मध्ये शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं हे दाखवून दिलंय. प्लँचेटची वाटी फिरते तीही याचमुळे.

आता खरा भाग. समजा तुम्ही म्हणालात, माझी शक्ती अजून बारीक आहे, कागद हलवण्याएवढी नाही, पण नशिबाला थोडा धक्का देण्याएवढी आहे. हा युक्तिवाद मूर्खपणाचा नाही. संशोधकही याच वाटेनं गेले. ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी १९३४ पासून फाशांवर प्रयोग केले. त्यावरचा एक आक्षेप मस्त आहे: स्वस्त फाशांवर ठिपके कोरलेले असतात, सहाची बाजू जास्त कोरली जाते म्हणून हलकी होते आणि ती वर पडण्याकडे किंचित कल असतो. तुम्ही मनात सहा धरा किंवा धरू नका, सहा जरा जास्त येणार.

नाण्यातही असंच आहे. २०२३ मध्ये संशोधकांच्या एका गटानं ३,५०,७५७ वेळा नाणी उडवली. उडवताना जी बाजू वर होती तीच वर पडण्याचं प्रमाण जवळपास ५०.८ टक्के निघालं. म्हणजे दर वेळी छापा वर ठेवून छापाच मागत राहिलात, तर हजारात आठ छापे फुकट जास्त मिळतील. मन कामाला न लावता.

म्हणून आम्ही टेस्ट अशी ठरवली. नाणं स्टीलच्या डब्यात घालून खडखडवायचं, हातानं उडवायचं नाही. रोज शंभर वेळा. त्यातली पन्नास लक्ष्यं छापा, पन्नास काटा, आणि त्यांचा क्रम काकूनं चिठ्ठ्या काढून आदल्या रात्रीच लिहून ठेवायचा. निकाल धाकटी बहीण लिहिणार, आणि तिला त्या वेळचं लक्ष्य माहीत नसणार. दहा दिवस, एकूण हजार. अधे-मधे थांबायचं नाही, 'आज मूड नव्हता' म्हणून दिवस रद्द करायचा नाही, हजारानंतर 'अजून शंभर' मागायचे नाहीत. आणि पास व्हायचा आकडा आधीच ठरवायचा: ५५०. नुसत्या नशिबानं हजारात ५५० किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता हजारात एकापेक्षाही कमी आहे.

मोबाईल ॲप का नको, असं कुणीतरी विचारेलच. साध्या ॲपमधले रँडम आकडे बहुतेक वेळा एका सुरुवातीच्या संख्येवरून सूत्रानं काढलेले असतात. ती संख्या ठरली की पुढचे हजार आकडेही ठरले. त्यात मनानं ढकलायला उरतं काय?

चौथ्या दिवशी भावाचा मेसेज आला, स्क्रीनशॉटसकट: ५८! पुढे तीन रॉकेट. कोर्सच्या ग्रुपवरही त्यानं तो टाकला, तिथे अभिनंदनांचा पाऊस. मी त्याला गणित पाठवलं. शंभरात ५८ किंवा जास्त येण्याची शक्यता एका दिवसापुरती पाहिली तर साधारण साडेसहा टक्के, म्हणजे भारीच वाटते. पण दहा दिवस खेळलं तर त्यातला निदान एक दिवस असा निघण्याची शक्यता जवळपास निम्मी. ग्रुपवर प्रत्येकाचा चांगला दिवस तेवढा दिसतो. ४४ आलेल्या दिवसाचा स्क्रीनशॉट कोण टाकतं? दोनशे माणसांच्या ग्रुपवर रोज कुणाचा ना कुणाचा चमत्कार होणारच. त्याला कुणाला खोटं बोलावं लागत नाही.

हेच गणित पुण्यात एका वेगळ्या विषयावर वापरलं गेलंय. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या. कुठली हुशार मुलाची, कुठली मतिमंद मुलाची, ते ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आलं असतं. मला त्यात आवडलं ते हे, की नियम आधी ठरले होते आणि सगळी उत्तरं मोजली गेली.

दहा दिवसांनी भावाचा एकूण आकडा आला ५११.

त्याचा प्रश्न लगेच तयार. "पाचशेपेक्षा जास्तच आहे की दादा. म्हणजे थोडी तरी आहे ना?" याचं उत्तर नीट द्यायला हवं, म्हणून जरा थांबू. नुसत्या नशिबानं ५११ किंवा जास्त येण्याची शक्यता चारात एक. म्हणजे यातून शक्ती सिद्ध होत नाही. पण शक्ती शून्य आहे हेही सिद्ध होत नाही. हजार वेळा उडवून एवढंच कळतं, की त्याचा खरा टक्का ढोबळमानानं ४८ ते ५४ च्या मध्ये कुठेतरी आहे. मोठी शक्ती बाद झाली, बारीक शक्ती अजून शिल्लक आहे.

मग किती बारीक? त्यासाठी प्रिन्स्टनला जाऊ. तिथल्या इंजिनिअरिंग विभागाचे डीन रॉबर्ट जान यांनी १९७९ मध्ये 'पीअर' नावाची लॅब सुरू केली आणि ती २००७ पर्यंत चालली. मला या माणसाबद्दल आदर आहे, कारण बाकी सगळे चमचे वाकवत असताना त्यानं मशीन बांधलं. इलेक्ट्रॉनिक गोंधळातून रँडम बिट्स काढायचे, एका वेळी दोनशे, सरासरी शंभर यायला हवी. माणूस समोर बसून कधी 'जास्त', कधी 'कमी', कधी काहीच नाही असं मनात धरणार. बारा वर्षांच्या आकड्यांत 'जास्त' धरलं तेव्हा सरासरी आली १००.०२६. दोनशे बिट्समध्ये ०.०२६. म्हणजे दहा हजार बिट्समागे एक-दीड बिट इकडचा तिकडे. पुढे पीअर आणि जर्मनीतल्या दोन लॅब्सनी मिळून हाच प्रयोग पुन्हा केला. २००० साली निकाल छापला, तेव्हा तो मुख्य परिणाम पुन्हा दिसला नाही.

तरी घटकाभर धरून चालू, की १००.०२६ खरं आहे. एवढीशी शक्ती नशिबापासून खात्रीनं वेगळी दाखवायला नाणं किती वेळा उडवावं लागेल? मी हिशोब केला, तेरा कोटींहून जास्त वेळा. पाच सेकंदांना एक, न झोपता, न जेवता, एकवीस वर्षं. आणि मगाशी सांगितलेला नाण्याचा आपला स्वतःचा कल आठवा, ०.८ टक्के. तो या 'शक्ती'च्या साठपट मोठा आहे.

भावाला मी हे कागदावर लिहून दाखवलं. एका बाजूला, त्याच्या आकड्यांतून शिल्लक राहणारी शक्ती. दुसऱ्या बाजूला लेव्हल चारचं वचन: झिजलेला गुडघा, तोही दुरून. तो बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे असली तरी आज्जीच्या उपयोगाची नाही." पैसे त्यानं परत मागितले नाहीत. आज्जीची गोळी आता काकू समोर उभी राहून देते. आणि तो संध्याकाळी अजूनही आज्जीजवळ बसतो, फक्त तळवे धरायच्या ऐवजी गुडघ्याला तेल लावून देतो. डॉक्टरांनी चालेल म्हटलंय.

ज्यांना प्रॅक्टिस करायचीच आहे त्यांच्यासाठी राहिलेलं सांगतो. दोन गोल वेगळे ठेवा. वीस मिनिटं फोन न बघता एका जागी बसता येणं हा एक गोल. तो मिनिटांत मोजा, त्यात सुधारणा होईल आणि ती खरी असेल. वस्तूवर परिणाम हा दुसरा गोल, त्याला वेगळं शीट. पहिल्यातली प्रगती दुसऱ्याच्या खात्यात टाकू नका, कोर्सवाले नेमकं तेच करतात: 'आज खूप शांत वाटलं, म्हणजे ऊर्जा वाढली.' दुसऱ्या शीटमध्ये चार रकाने पुरेत: तारीख, आधी ठरवलेलं लक्ष्य, आलेला निकाल, लिहिणारा कोण. पास व्हायचा आकडा पहिल्या ओळीत, तारखेसह, आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मेसेज करून ठेवा, म्हणजे नंतर बदलता येणार नाही. हजाराला ५५० ठेवा. इतक्या वेळा जमत नसेल तर दोनशेला १२२ ठेवा, कडकपणा साधारण तेवढाच होतो.

कुणाचे ५५० आले तर मला जरूर कळवा. मी म्हणेन, नियम तेच ठेवून अजून एक हजार करा, या वेळी निकाल लिहायला माझ्या ओळखीचा माणूस बसेल. तेही आले, तर पुढचा भाग तुमच्यासोबत रेकॉर्ड करू, बरणी मी आणतो. आणि ४९० आले तरी शीट पाठवा. सगळी शीट्स एकत्र मोजायची आहेत, त्यामुळे तीही तेवढीच हवीत.